लोरेटाताईंच्या ओट्यावरचं कलिंगड

अमेरिकेत नेपरव्हिलला लेकीच्या, रूपालीच्या घरी पोहोचले आणि चौथ्याच दिवशी बाहेर अडकले. कचरा टाकायला गेले, मागे दार आपोआप लॉक झालं. फोन आत, रूपाली ऑफिसात, माझं शिक्षण सातवी. विचारायचं कुणाला, आणि कसं?

शेजारच्या लोरेटाताई कृष्णवर्णीय, माझ्याच वयाच्या. खुणेनंच त्यांनी मला ओट्यावर बसवलं, रूपालीला फोन लावला आणि ती येईपर्यंत कॉर्नब्रेड (मक्याच्या पिठाचा गोडसर पाव) खाऊ घातला. उरलेला डब्यात भरून दिला. देवच भेटला म्हणायचं!

कुणाचा डबा रिकामा परत करायचा नाही, ही आपली रीत. दुसऱ्या दिवशी कलिंगडाच्या फोडी भरून देऊन आले. ताई डब्याकडे बघतच राहिल्या. हसल्या नाहीत.

संध्याकाळी रूपालीनं कपाळावर हात मारला. "आई, कलिंगड? इथे काळ्या लोकांना त्यावरूनच चिडवतात. किती इन्सल्टिंग आहे गं!"

ज्या माणसानं हात दिला, त्यालाच मी दुखावलं होतं. लेकीला घेऊन तशीच ताईंच्या दारात गेले.

"माझे वडील नदीच्या वाळूत कलिंगडं लावायचे," मी म्हटलं. "घरातलं गोड ते पाहुण्याला द्यायचं, एवढंच मला ठाऊक."

रूपालीनं ते इंग्रजीत सांगितलं. मग ताई बोलू लागल्या, रूपाली मराठीत सांगत गेली. गुलामगिरी संपल्यावर त्यांच्या पणजोबांसारख्या कितीतरी जणांनी कलिंगडं पिकवली, विकली, स्वतःच्या पायांवर उभे राहिले. गोऱ्यांना ते सोसवेना. त्यांनी टिंगलीची चित्रं काढली: हे आळशी, अस्वच्छ, कलिंगड मिळालं की खूश.

"माझी आजी पडदे ओढून कलिंगड खायची," ताई म्हणाल्या.

"आणि तुम्ही?"

"मी इथे ओट्यावर बसून खाते. पण तुमचं फिकं निघालं हो! शेतकऱ्याची लेक ना तुम्ही?"

"ही दुकानात वाजवून बघू देत नाही!" मी रूपालीकडे बोट दाखवलं.

शनिवारी ताईंनी आणि मी भर दुकानात कलिंगडं वाजवली. रूपाली लांब उभी.

लहानपणी माझी शाळा सुटली ती रस्त्याकडेला कलिंगडं विकण्यापायीच. शाळेतल्या मुली रस्त्यानं जाताना दिसल्या की मी ओढणी तोंडावर घ्यायची. अमेरिकेहून गावी परत आले तेव्हा हंगाम नव्हता, तरी बार्शीच्या वाटेवर एका बाईकडे कलिंगडं दिसली. गाडी थांबवली, वाजवून एक घेतलं, चिरायला लावलं. तिच्या शेजारी, रस्त्याकडे तोंड करून बसले आणि पोटभर खाल्लं.