लग्न लागतंय, बसा

कुमुदताईंच्या दारात मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "लग्न लागतंय. बसा."

भर दुपारी पडदे ओढलेले. संगणकावर कुणाच्या तरी लग्नाची मंगलाष्टकं चाललेली, आणि समोर या बाई इस्त्रीची साडी नेसून खुर्चीत ताठ बसलेल्या. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, आणि मगच त्या माझ्याकडे वळल्या. "हं. काय आणलंय?"

"कुणाचं लग्न हो?"

"मला काय माहीत? मी कुठे ओळखते त्यांना?"

वारज्यात आम्ही एकाच इमारतीत राहायचो. त्या दुसऱ्या मजल्यावर, मी चौथ्या. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या, नवरा गेलेला, मूलबाळ नाही. लोकांच्या लग्नामुंजींच्या डीव्हीडी हल्ली चालेनाशा झाल्या आहेत. कुणी वेळीच त्या संगणकावर उतरवून ठेवलेल्या असतात, पण तिथे उरतात तुकड्यातुकड्यांच्या फाइली. टीव्हीला लावल्या की पंगत आधी आणि सीमांतपूजन मागून. कुमुदताई त्या तुकड्यांची पुन्हा डिस्क इमेज करून द्यायच्या, म्हणजे अख्खी डिस्क एकाच फाइलीत, सुरुवातीला पडद्यावर येणाऱ्या मेनूसकट, जशीच्या तशी. मी माझ्या वडिलांच्या साठीशांतीचा असाच विस्कटलेला फोल्डर घेऊन गेले होते.

"नुसत्या फाइली म्हणजे सुटी हाडं," त्या म्हणाल्या. "नीट जोडली तर माणूस उभा राहतो."

इमेज तयार झाली की ती पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायची, हा त्यांचा नियम. मध्ये पळवायचं नाही. "पळवलं की नेमकं तिथलंच काहीतरी निसटतं," असं त्या म्हणायच्या. मला वाटायचं, एकट्या बाईला तेवढाच विरंगुळा. एकदा मी तसं म्हटलंही. त्यावर त्या म्हणाल्या, "विरंगुळ्याला टीव्हीवर मालिका आहेत की. त्यातली लग्नं तर महिना महिना चालतात."

मी घरून काम करायला लागल्यापासून दुपारचा चहा त्यांच्याकडे घेऊ लागले. 'अहो'वरून त्या 'अगं'वर आल्या. एक दिवस फोन आला, "खाली ये. एक बाई दाखवायची आहे."

पडद्यावर शेजारी शेजारी तीन लग्नं थांबवलेली होती. एक कसबा पेठेतल्या कार्यालयातलं, एक आमच्या वारज्यातलं, एक सिंहगड रस्त्यावरचं. घरं वेगळी, वर्षंही वेगळी. तिन्हींत शेवटच्या रांगेत एक बाई उभी होती. मुठीत अक्षता, अंगावर साधी सुती साडी. सगळा मांडव नवरानवरीकडे बघत होता आणि ही एकटी कॅमेऱ्याकडे. पहिल्या लग्नात तिचे केस काळे होते, तिसऱ्यात पांढरे.

"या तुम्हीच ना ताई?" मी सहज विचारलं.

"नीट बघ."

मी वाकून बघितलं. तेच कपाळ, तीच हनुवटी. पण या बाईच्या गालावर कुमुदताईंसारखा तीळ नव्हता.

कुमुदताईंनी तिन्ही घरी फोन लावले. मुलीकडचे म्हणाले, "मुलाकडच्या असतील." मुलाकडचे म्हणाले, "आम्हाला वाटलं मुलीकडच्याच." कुणी तिला बोलावलं नव्हतं, आणि कुणी अडवलंही नव्हतं. लग्नात कोण कुणाला विचारतं?

पुढच्याच आठवड्यात त्यांनी माझ्या कानांना हेडफोन लावले. नवरीच्या खोलीतलं चित्रण होतं. कॅमेरा हातातल्या हिरव्या चुड्यावर रेंगाळलेला, मागे बायकांचा कलकलाट. त्यातून, कॅमेऱ्याच्या अगदी जवळून, एक दबलेला आवाज आला. बोलणारीचा चेहरा दिसत नव्हता.

"तुझ्या मनानं चाललंय ना गं?"

चुडा भरलेला हात क्षणभर थबकला, आणि मग नवरी म्हणाली, "हो."

कुमुदताईंनी हेडफोन काढून घेतले. एक्स्चेंजमध्ये आयुष्यभर लोकांचे आवाज जोडून देणाऱ्या या बाईंनी तो आवाज ओळखला होता. "सुमन आहे," त्या म्हणाल्या. "माझी थोरली बहीण."

मग त्यांनी सांगितलं. त्या मूळच्या कसबा पेठेतल्या. सुमनचं लग्न ठरलं, कुणी तिला विचारलं नाही. लग्नाच्या दिवशी सकाळी हळदीच्या पिवळ्या अंगानं ती मागच्या दारानं निघून गेली. वऱ्हाड दारात, भटजी खोळंबलेले. वडील घरात आले आणि कुमुदला म्हणाले, "ऊठ, साडी नेस." त्याच मुहूर्तावर, सुमनच्याच शालूत, तिला अंतरपाटाअलीकडे उभं केलं. सुमनचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही.

"आणि तुमचे यजमान?"

"वाईट नव्हते गं. कधी हात उगारला नाही. पण मधूनच मला सुमन म्हणून हाक मारायचे."

"मग तुम्ही काय करायचात?"

"मी ओ द्यायची."

त्यानंतर सुमनला शोधायला कुमुदताई स्वतःच लग्नांना जाऊ लागल्या. मुहूर्ताचा दिवस आला की चांगली साडी नेसायची आणि एखाद्या कार्यालयात शेवटच्या रांगेत जाऊन बसायचं. जेवायला थांबत नसत. "फुकटचं खायला गेले नाही मी," एवढंच म्हणायच्या. एका सकाळी मीही त्यांच्याबरोबर वारज्यातल्या कार्यालयात गेले. सनई चालू होती, लोक खुर्च्या धरत होते. आम्ही रांगांमधून फिरलो, पंगतीच्या हॉलमध्ये डोकावलो. सुमन नव्हती. शेवटी कुमुदताई नवरीच्या खोलीपाशी थांबल्या आणि एकदम आत शिरल्या. मी मागोमाग गेले. मुंडावळ्या बांधलेली पोरगी आरशासमोर बसली होती.

"तुझ्या मनानं चाललंय ना गं?" कुमुदताईंनी विचारलं.

मुलीनं आरशातूनच त्यांच्याकडे बघितलं आणि हसली. "अहो आजी, मघाशीच विचारलंत की तुम्ही. सांगितलं ना, हो म्हणून!"

मी दाराकडे धावणार तोच त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "धावू नकोस. आयुष्यभर पळालेली आहे ती. पाठीमागून पावलं ऐकली की आणखी लांब जाईल."

"अहो, पण इथेच असेल! बाहेर, रिक्षात बसत असेल!"

"असू दे. एवढ्या मुलींना विचारलंय, एक दिवस मला विचारायला येईल. तिला माझं घर सापडायला हवं, एवढंच."

निघताना त्यांनी कार्यालयाच्या व्यवस्थापकाला स्वतःचं नाव आणि पत्ता सांगितला. "माझ्यासारखी दिसणारी बाई पुन्हा आली तर तिला एवढं कळवा," म्हणाल्या. त्या दिवसापासून त्यांनी दाराची कडी लावणं सोडलं. दार नुसतं लोटलेलं असायचं. मी ओरडले, चोरांची भीती घातली. "माझ्याकडे आहे काय? दुसऱ्यांची लग्नं," त्या म्हणाल्या. कामं घेणंही त्यांनी थांबवलं. दुपारी पडद्यासमोर बसायच्याऐवजी त्या दाराकडे तोंड करून बसू लागल्या. चहाला गेले की माझी चाहूल लागताच त्यांचा चेहरा उजळायचा, आणि मी आहे हे दिसल्यावर थोडा उतरायचा. मला त्याचं वाईट वाटत नसे.

थंडीत एकदा ऑफिसची मीटिंग लांबली आणि मी खाली गेले तेव्हा दिवे लागले होते. दार सताड उघडं होतं. कुमुदताई खुर्चीतच होत्या, मान एका बाजूला कललेली. अंगावर कुणीतरी नीट शाल पांघरली होती. मी हात धरून बघितला. गारठलेला. कोपऱ्यावरचे डॉक्टर आले, त्यांनी तपासलं आणि म्हणाले, "बराच वेळ झालाय. दुपारी जेवणाच्या सुमारास गेल्या असाव्यात."

नातेवाइकांना कळवायचं तर कुणाला, हेही सुचेना. मी खाली वॉचमनकाकांना सांगायला गेले. ते इथल्याच जुन्या वारजे गावातले. माझं ऐकून स्टुलावरून उठून उभेच राहिले.

"असं कसं म्हंता ताई? कुमुदताई तर मघाशीच उतरून गेल्या की. रडत हुत्या. मी इचारलं, काय झालं? तर म्हणल्या, काही नाही हो, मला यायला उशीर झाला."