इंग्लंडचं सरकार आणि मृणालचा सोफा

ऑफिसच्या फ्रिजमध्ये लोणच्याच्या अर्ध्या बाटल्या साठतात ना, तसे किस्से साठतात. कुणी मुद्दाम आणून ठेवत नाही आणि कुणी टाकूनही देत नाही. मग एके दिवशी दार उघडलं की सगळंच अंगावर येतं. आमच्या जर्सी सिटीच्या ऑफिसात गेल्या काही महिन्यांत सगळ्यात जास्त किस्से कुणाचे साठले असतील, तर इंग्लंडच्या सरकारचे. आता तुम्ही म्हणाल, राहता अमेरिकेत, पासपोर्ट भारताचे, आणि गप्पा इंग्लंडच्या? तर त्याला कारण आहे. आमची अर्धी टीम लंडनला बसते. रोज सकाळी नऊला आमचा आणि त्यांचा कॉल असतो. आमची पहिली कॉफी, त्यांची जेवणानंतरची सुस्ती. अशा वेळी माणूस कामाचं बोलेल की सरकारला नावं ठेवेल?

मी या टीममध्ये टेस्टिंग बघते. दुसऱ्याच्या चुका काढणं हाच माझा धंदा. त्यामुळे या विषयात मला जरा जास्तच रस होता, हे आधीच सांगून टाकते.

* * *

लंडनच्या टीमचा प्रमुख ग्रॅहम. साठीला आलेला, उंच, आणि कॅमेऱ्यात कायम फक्त कपाळ दिसणारा. नवे पंतप्रधान आले त्या सकाळी हा गडी चक्क टाय लावून, तो दिसावा म्हणून कॅमेरा खाली वळवून कॉलवर. आमच्या डोंबिवलीच्या सचिनने त्याचं असं अभिनंदन केलं, जणू ग्रॅहमचा मुलगाच दहावी पास झालाय. ग्रॅहम म्हणाला, "जपून का होईना, पण आशा वाटते आहे."

ग्रॅहमची भाषा कळायला आम्हाला फार वेळ लागला होता. एकदा अख्खी सिस्टिम बसली होती, कस्टमर दिवसभर बोंबलत होते, तेव्हा हा म्हणाला होता, "जराशी गैरसोय झाली आहे." तेव्हापासून तो जे बोलेल त्याला आम्ही दहाने गुणतो.

टाय काही आठवड्यांतच गेला. एक दिवस सचिनने सहज विचारलं, "मग, नवं सरकार कसं चाललंय?"

ग्रॅहमने थोडा विचार केला. "नॉट आयडियल."

सचिनने माइक म्यूट केला आणि आमच्याकडे वळून म्हणाला, "संपलं सरकार."

* * *

सचिनला कुठल्याही देशाचं राजकारण कळतं. त्याने निदान केलं की या सरकारची केटी झालेली नाही. केटी म्हणजे जुना माणूस जाताना नव्याला काम समजावून सांगतो ते. आमच्या धंद्यात केटीशिवाय कुणाला खुर्चीत बसवत नाहीत, आणि बसवलंच तर पहिल्या आठवड्यात काहीतरी जळतं.

"बघ ग्रॅहम," सचिन म्हणाला, "मागचे लोक रागारागात गेले. जाताना काही लिहून ठेवलं नाही. नव्यांना कसं कळणार, कुठली वायर कुठे जाते?"

ग्रॅहमचं कपाळ कॅमेऱ्यातून खाली गेलं. आम्हाला वाटलं, दुखावला बिचारा. मग तो घसा खाकरून म्हणाला, "लिहून ठेवलं असतं, तरी ह्यांनी वाचलं नसतं."

* * *

या सगळ्या हसण्यात एक माणूस हसत नव्हता, ती आमची मृणाल. मूळची पुण्याची, टीममधली सगळ्यात हुशार पोरगी. तिचा नवरा अनिकेत लंडनला दुसऱ्या कंपनीत. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि संसार सगळा सुट्ट्यांमध्ये. एकदाची कंपनीने तिची लंडनच्या टीममध्ये बदली मंजूर केली. मृणाल इतकी खूश झाली, की तिने त्याच आठवड्यात घरातलं सामान विकायला काढलं. सोफा सचिननेच घेतला. तो नुकताच नव्या फ्लॅटमध्ये गेला होता.

आणि मग नव्या सरकारने जाहीर केलं, की बाहेरून माणसं आणायचे नियम कडक करणार. नव्या नियमात मृणालची बदली बसत नव्हती. लंडनच्या एचआरने कळवलं, "नियमांचं नक्की होईपर्यंत थांबू." झालं! मृणाल थांबली. रिकाम्या फ्लॅटमध्ये, एक कुकर, एक गादी आणि एक कॅम्पिंगची घडीची खुर्ची घेऊन. त्या खुर्चीला कप ठेवायला जाळीचा खिसा होता, एवढंच काय ते फर्निचर.

शनिवारी आम्ही सचिनकडे जेवायला जमायचो. मृणाल आली की आधी आपल्या जुन्या सोफ्याच्या आपल्या जुन्या कोपऱ्यात जाऊन बसायची, मग चपला काढल्या नाहीत हे आठवायचं. हसू यायचं आणि वाईटही वाटायचं.

एका शनिवारी सचिन त्याच सोफ्यावर लोळत इंग्लंडच्या बातम्या बघत होता. म्हणाला, "काय लोक आहेत यार! असलं सरकार पाडलंच पाहिजे."

मृणाल ताट घेऊन उभी होती. "माझ्या सोफ्यावर बसून असलं काही बोलू नकोस."

* * *

तिचं म्हणणं ऐकण्यासारखं होतं. "वंदनाताई," ती मला म्हणाली, "हे सरकार पडलं तर नवीन येईल. नवीन आलं की त्यांच्यात उत्साह असतो. उत्साहात ते लगेच काहीतरी करून बसतील. हे बरे आहेत. ह्यांना काही जमतच नाहीये."

मी टेस्टिंगवाली, मला हे मनापासून पटलं. जुन्या सॉफ्टवेअरच्या चुका निदान पाठ असतात.

आणि खरंच, ह्यांना जमत नव्हतं. नियम या महिन्यात लागू होणार होता, तो पुढे ढकलला. पुढच्या महिन्यात पुन्हा ढकलला. लंडनचे लोक कॉलवर चिडचिड करायचे, की हे कसलं सरकार, एक निर्णय धड घेता येत नाही! मृणाल म्यूटवर बसून देवाचे आभार मानायची.

* * *

देवाचं निघालं म्हणून सांगते. मृणालच्या सासूबाई सांगलीला असतात. रोज आमच्या लंचला, म्हणजे तिकडे झोपायच्या वेळी, त्यांचा व्हिडिओ कॉल यायचा. पॅन्ट्रीत मायक्रोवेव्हपाशी उभी राहून मृणाल बोलायची, त्यामुळे तो आम्ही सगळेच ऐकायचो. पंधरा दिवसांत आम्हाला त्यांचे प्रश्न पाठ झाले.

"टिकलेत ना गं?"

"टिकलेत, आई."

"अंगात काही जोर आलाय का?"

"नाही. उलट त्यांचेच खासदार रुसलेत."

"बरं झालं. जेवलीस का?"

पुढे कळलं, की त्यांनी पेठेतल्या गणपतीला रीतसर नवस बोललाय. इंग्लंडच्या सरकारला टिकू दे, पण फार जोर येऊ देऊ नकोस. सून नवऱ्याकडे पोचली, की एकवीस मोदक आणि पंतप्रधानांच्या नावाने अभिषेक. सचिन म्हणाला, "मावशी काय हवं ते इतक्या बारकाईने सांगतात, आमच्या क्लायंटला कधी शिकवायला पाठवा."

* * *

आमचा मॅनेजर केव्हिन, पक्का न्यू जर्सीचा. मनाने सज्जन, पण अटलांटिकच्या पलीकडे त्याचा भूगोल संपतो. त्याने एकदा मृणालला बोलावून काळजीने विचारलं, की तुझी बदली अडलीय कशात?

"ब्रिटिश सरकारमध्ये."

"पण तू तर इंडियन आहेस."

"हो."

"आणि इथे न्यू जर्सीत आहेस."

"हो."

केव्हिनने डोळे बारीक करून बराच विचार केला. मग हळू आवाजात म्हणाला, "राजाला सांगून काही होत नाही का?"

* * *

तो दिवस उजाडला तेव्हा बाहेर धुवांधार बर्फ पडत होता आणि आम्ही सगळे आपापल्या घरून कॉलवर होतो. ग्रॅहम आला तोच लालबुंद. त्या दिवशी त्याचं कपाळ नाही, पूर्ण चेहरा दिसत होता. सकाळीच पंतप्रधानांच्या स्वतःच्या खासदारांनी बंड केलं होतं आणि सरकारने नियम पूर्णपणे मागे घेतला होता. पुढे ढकलला नव्हता, मागे घेतला होता.

ग्रॅहम बोलत सुटला. यांना कणा नाही, यांना दिशा नाही, मी आयुष्यात असलं सरकार पाहिलं नाही, मी यांना मत दिलं याची मला लाज वाटते. इतकी वर्षं त्याच्याबरोबर काम केलं, पण दहाने गुणायची गरज पडली नाही असं त्याचं बोलणं मी पहिल्यांदाच ऐकलं. मृणालच्या चौकोनात ती त्या घडीच्या खुर्चीत बसलेली दिसत होती, तोंडावर हात धरून.

शेवटी ग्रॅहम थांबला. पाणी प्यायला. चष्मा पुसला.

"अगदीच टाकाऊ सरकार," तो म्हणाला. "मृणाल, एचआरशी मी आत्ताच बोललो. खिडकीजवळचं टेबल तुला ठेवलंय. तिथला हीटर चालत नाही, तेव्हा स्वेटर आण."

मृणाल नुसती मान हलवत राहिली, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मलाही भरून आलं, लपवण्यात काय अर्थ? इतके महिने त्या पोरीला त्या खुर्चीत बघून माझा जीव तुटत होता. त्या क्षणी त्या कणा नसलेल्या सरकारला मी मनापासून दुवा दिला.

मग सचिनने विचारलं, "काय गं, आता पडलं तर चालेल?"

मृणालने नाक पुसलं. "थांब. व्हिसाचा शिक्का बसू दे."

* * *

शिक्का बसला. जायच्या आदल्या दिवशी सचिनने तिला घडीच्या खुर्चीच्या बदल्यात सोफा परत घेतेस का, म्हणून विचारलं. तिने सोफ्याचा कोपरा एकदा थोपटला आणि खुर्ची त्याच्याकडे ठेवून गेली. सचिन आता त्याच खुर्चीत बसून बातम्या बघतो. सोफ्याचा तो कोपरा मोकळा असतो. का म्हणून विचारलं, तर कप ठेवायला जाळी आहे म्हणतो.

* * *

आणि आता हा शेवटचा किस्सा. मृणाल लंडनला रुजू झाली, त्याला थोडेच दिवस झाले होते. सरकार अजून होतं, तसंच धडपडत. आमचा सकाळचा कॉल संपत आला होता आणि मृणाल म्हणाली, "वंदनाताई, सचिन, थांबा हं. आई देवळात आहेत, नवस फेडतायत. तुम्हाला पण घेते."

स्क्रीनवर सांगलीचं देऊळ आलं. संध्याकाळची वेळ, समया लावलेल्या, ताटात मोदक. सासूबाई सोवळ्यात, शेजारी गुरुजी. मृणालच्या मागून ग्रॅहमचं कपाळ डोकावलं. हे काय चाललंय, असं त्याने विचारलं.

"तुमच्या पंतप्रधानांसाठी पूजा," मृणाल म्हणाली.

"कुणीतरी करायलाच हवी होती," असं म्हणून ग्रॅहमने खुर्ची ओढली आणि तिथेच बसला.

गुरुजींनी पळीत पाणी घेतलं. "कुणाच्या नावाने?"

"इंग्लंडच्या पंतप्रधानांच्या," सासूबाई म्हणाल्या.

गुरुजींच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. "गोत्र?"

"ते काही माहीत नाही हो. काश्यप घाला."

गुरुजींनी काश्यप घातलं. संकल्प सुरू झाला, आणि मध्येच ते थांबले. "नवस काय होता म्हणालात?"

"टिकू देत, असा."

"टिकले?"

"टिकले की. सून पोचली लंडनला."

"उत्तम." गुरुजींनी पळी पुन्हा उचलली. "मग यापुढेही असेच टिकू देत, असं घालतो."

सासूबाईंनी पदर नीट खांद्यावर घेतला. फोनमध्ये सुनेकडे एकदा बघितलं, तिच्या मागे बसलेल्या ग्रॅहमकडे बघितलं, आणि गुरुजींचा हात धरला.

"नको नको. आमचं काम झालंय. आता त्यांचं त्यांनी बघावं."