पडीक जागेची माती

जेसीबीच्या बकेटातून टिप्परात माती पडत होती. तिच्यासोबत अर्धा वरवंटा आला, टिप्परच्या कडेवर आदळला आणि खाली माझ्या पुढ्यात पडला. तो माझ्या घरचा होता. मी जेसीबीसमोर जाऊन उभी राहिले. चालवणाऱ्यानं मशीन थांबवली.

"बाजूले हो ना मावशी, मराचं आहे का?"

"माझं लेकरू आहे इथी," मी म्हटलं.

तो घाबरून खाली उतरला आणि वाकून चाकांमध्ये पाहू लागला. एखादं पोर मशीनखाली आलं, असं त्याला वाटलं.

माझं पहिलं लेकरू तापानं गेलं तेव्हा ते रांगत होतं. एवढ्या लहानाला जाळत नाहीत. गावाबाहेरच्या मुरमाच्या टेकाडावर पुरतात आणि कोल्ह्याकुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर दगड ठेवतात. टेकाडावर धड दगड नव्हता. घरचा वरवंटा तुटून पडला होता. त्याचा मोठा तुकडा नवऱ्यानं नेला. लहान तुकडा घरी राहिला, त्यानं मी अजून लसूण ठेचते.

त्या जागेचं खरं नाव आमच्या गावात परक्यासमोर घेत नाहीत. घेतलं तर घरातलं दुसरं लेकरू जातं, असं जुनी माणसं सांगत. पाठच्या पोरांनाही काही सांगत नाहीत. कोणी विचारलं की म्हणायचं, पडीक. रस्त्याची मोजणी करणारे आले तेव्हा त्यांनी टेकाडाकडे हात करून माझ्या नवऱ्याला विचारलं, "भाऊ, ते काय आहे?" नवरा म्हणाला, "पडीक आहे." त्यांनी पडीक लिहून घेतलं.

ती मोजणी चंद्रपूरच्या ज्या ऑफिसात गेली, तिथं माझी पाठची मुलगी काम करते. कॉम्प्युटरवर रस्ते आखते. सणाला घरी आली तेव्हा तिनं लॅपटॉप उघडून आम्हाला आपल्या गावचा रस्ता दाखवला. काकडीच्या चकत्या कराव्या तसा कॉम्प्युटर रस्ता आडवा कापतो. प्रत्येक चकतीत किती खणायचं, किती भरायचं ते पाहतो आणि दोन चकत्यांमधली माती मोजतो. खणायचं ते लाल, भरायचं ते हिरवं.

"खणली की माती फुगते, माय. रोलर फिरला की बसते. तेही धरा लागते."

"हा लाल डाग कायचा?"

"टेकाड आहे एक, पडीक. त्याचा मुरूम पुलाजवळच्या भरावाले बरोबर पुरते. दुरून आणाची गरज नाई." ती खूश होती. "साहेब म्हणाले, मस्त जुळवलं."

"तव्यावर भाकर करपल्यावानी दिसून राह्यलं," मी म्हटलं. ती हसली. वरून पाहिलेलं गाव मला ओळखू येत नाही, आणि पडीक टेकाडं गावाभोवती पुष्कळ आहेत. नवऱ्याला डोळ्यानं कमी दिसायचं, तो नुसता मान हलवत होता.

काम सुरू झालं ते मोहफुलांच्या दिवसांत. सगळं गाव फुलं वेचायला रानात गेलेलं, अडवायला कोणी नव्हतं. मुलगी साइटवर आली होती, तिचा रस्ता पाहायला म्हणून आम्ही दोघं गेलो. पोहोचलो तोवर अर्धं टेकाड गेलेलं.

मुलगी धावत आली. डोक्यावर पिवळी टोपी. "काय झालं, माय?"

"तुयाआधीचा होता एक. इथी होता."

ती बापाकडे पाहू लागली. बाप खाली पाहत होता.

"तुया मातीच्या हिशेबात पोरगं धरलं होतं का?" मी विचारलं.

ती बापाकडे वळून म्हणाली, "बाबा, तुमी पडीक काऊन सांगितलं?"

"घरात दुसरं लेकरू तू होती म्हणून," तो म्हणाला.

सकाळपासून टिप्पर पुलाकडे जात होते. आमची जागा आधीच गेली होती, वरवंटा तेवढा घसरून मागे राहिला होता. कोणत्या खेपेत काय गेलं ते कॉम्प्युटरही सांगत नाही. मी वरवंटा उचलला आणि उरलेल्या टेकाडावर ठेवायला निघाले. नवऱ्यानं हात धरला. "तिथी नको ठेवू. तिथी दुसऱ्याचं आहे."

मुलीनं तिथंच बसून, मांडीवर लॅपटॉप घेऊन उरलेल्या टेकाडाभोवती रेघ मारली आणि माती पुन्हा मोजली. आता भरावाला मुरूम कमी पडत होता. तिनं साहेबांना फोन लावला. आवाज मलाही ऐकू येत होता. "मॅडम, काय गुप्तधन निघालं का तिथं?"

"माझा भाऊ आहे, सर," ती म्हणाली.

त्याच फोनवर दूरच्या खाणीतून मुरूम आणायचं ठरलं. उरलेलं अर्धं टेकाड वाचलं. त्यात गावातल्या दुसऱ्या बायांची लेकरं आहेत. माझं पुलाजवळच्या भरावात आहे, रोलर फिरवून दाबलेलं. पोंभुर्ण्याच्या बाजाराला मी त्याच्यावरूनच जाते, दुसरा रस्ता नाही. बसमधल्या बाया म्हणतात, रस्ता चांगला झाला. झाला आहे.

वरवंट्याचे दोन्ही तुकडे आता घरी आहेत. मोठ्या तुकड्यानं मी काही वाटत नाही.

नवरा पुन्हा त्या बाजूला गेला नाही. पावसाळा संपता संपता तोही गेला. मी आहे. मुलगी आहे.