मास्तरांनी विचारलेला सरळ प्रश्न

देवराव मास्तर गेल्याचा फोन आला तेव्हा मी जऊळक्याला घरी स्पर्धेच्या चिठ्ठ्या कापत बसलो होतो. ‘काका, बाबा गेले,’ त्यांचा मुलगा सुधाकर एवढंच म्हणाला. मी ‘हो’ म्हटलं आणि हातातली चिठ्ठी कापून पुरी केली... अशा वेळी माणूस काय करेल, सांगता येत नाही. याला दीड महिना झाला. भेटतात ते म्हणतात, ‘सुटले बिचारे.’ मी मान हलवतो. पण मला त्यांच्या जाण्याइतकंच, मी त्यांना जे सांगितलं त्याचं दुःख आहे.

वाशीमच्या एका साप्ताहिकात शब्दकोड्याची सूत्रं लिहिण्याची स्पर्धा चाले. दर महिन्याला एक शब्द द्यायचा, वाचकांनी ज्याचं उत्तर तोच शब्द येईल असं गूढ सूत्र रचून पाठवायचं. परीक्षक आम्ही दोघं. पत्रांतून, मोबाईलवरून आलेली सूत्रं मी नावं गाळून चिठ्ठ्यांवर उतरवायचो आणि रविवारी बसने मालेगावला मास्तरांकडे न्यायचो. एकदा ‘पालक’ हा शब्द होता. एका चिठ्ठीवर होतं, ‘घरची भाजी, मुलांची काळजी’. मास्तर उखडले. ‘घरची कायले? बाजारातली चालत नाही काय? वजनासाठी शब्द कोंबला!’ ते मीच गमतीनं सरकवलेलं होतं; मी आपला छताकडे बघत बसलो. पुढच्या चिठ्ठीवर होतं, ‘कपाल फुटलं तरी मुलांना सांभाळतो’. ‘कपाल’ची अक्षरं फोडून पुन्हा मांडली की ‘पालक’. मास्तरांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली. ‘याले म्हणतात सूत्र. फसवते, पण खोटं बोलत नाही. नीट पाह्यणाऱ्याले उत्तर सापडलंच पाह्यजे.’

हा काटेकोरपणा घरात मात्र त्यांना महाग पडला. त्यांचे धाकटे भाऊ नामदेवराव मंगरूळपीरला असतात. आईच्या तेरवीला ते पाहुण्यांत म्हणाले, ‘मायच्या शेवटच्या घटकेले मी जवळ होतो.’ मास्तर पंगतीतून ओरडले, ‘खोटं आहे. तू दुसऱ्या दिवशी आला.’ खरं तेच होतं. नामदेवराव भरल्या पानावरून उठले, ते परत मास्तरांच्या घरात आले नाहीत. चौदा वर्षं गेली. गेल्या दिवाळीनंतर मात्र मास्तर चिठ्ठ्या बघताबघता मध्येच म्हणायचे, ‘नामदेवकडं जाऊन यावं म्हणतो. चारचौघांत बोललो, ते चुकलंच.’

मग पोटाचं दुखणं निघालं. अकोल्याला तपासण्या झाल्या. सुधाकरनं मला दवाखान्याच्या जिन्यात गाठलं. ‘काका, डॉक्टर दोनेक महिने म्हणतात. पण बाबांले सांगू नका, ते खचतील.’ रडत होता पोरगा. मी कबूल झालो.

पुढच्या रविवारी मास्तरांनी चिठ्ठ्या बाजूला ठेवल्या. ‘तुमी मले सरळ सांगा. हे दुखणं साधं आहे का शेवटचं?’

मी त्यांच्या डोळ्याला डोळा देऊन म्हणालो, ‘साधं आहे मास्तर. अल्सर. उन्हाळा सरला की ठणठणीत व्हाल.’

त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला... ‘मंग आता नामदेवकडं नाही जात. असं रोगट तोंड घेऊन गेलो, त त्याले वाटन का मराच्या भीतीनं आला. बरा होऊन जातो.’

त्याच क्षणी मी म्हणायला हवं होतं, मास्तर, उद्याच जाऊ, मी गाडी बघतो. मी म्हणालो, ‘बरोबर आहे.’

त्यानंतर पाच रविवार मिळाले. चिठ्ठी धरवेना, तेव्हा मी वाचून दाखवायचो आणि ते डोळे मिटून शेरा सांगायचे. चौथ्या रविवारी मी धीर करून विचारलं, ‘नामदेवरावांना फोन लावू का?’ ते म्हणाले, ‘कायले? धा-पंधरा दिवसांनी जाऊच ना आपण.’ पाचव्या रविवारी त्यांना माझं वाचणं ऐकू येत होतं की नाही, मला माहीत नाही. मी मात्र सगळ्या चिठ्ठ्या वाचल्या.

तेरवीला नामदेवराव आले. ज्या खोलीत आम्ही चिठ्ठ्या घेऊन बसायचो, तिथेच सतरंजीवर माझ्याशेजारी बसले. मग हळूच विचारलं, ‘आपण चाललो हे त्याले मालूम होतं काय?’

‘नाही,’ मी म्हणालो. ‘त्यांनी विचारलं होतं. मी खोटं सांगितलं. बरे झाले की ते तुमच्याकडे येणार होते.’

माझ्यावर ओरडतील असं वाटलं होतं. ते ओरडले नाहीत. टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली.

‘त्याले नाही सांगतलं त नाही,’ ते म्हणाले, ‘पण मले त सांगाचं होतं बाप्पा. मीच आलो असतो ना.’

सुधाकरनं मला मास्तरांना सांगू नका म्हटलं होतं. नामदेवरावांना सांगू नका असं कुणीच म्हटलं नव्हतं.