आधी माझं रक्त घ्या

“घाबरतेस काय गो? मी हाय ना.” असं म्हणत ती बाईच्या खांद्यावर हात ठेवायची, आणि तो हात असा जड पडायचा की घाबरायला सवडच उरत नसे. ती पोलादपूरकडच्या एका वाडीची आशा सेविका. मी महाडच्या एका बायकांच्या दवाखान्यातली नर्स. तपासणीच्या बायका जीपमध्ये कोंबून ती आणायची आणि उशीर झाला की आम्हालाच फैलावर घ्यायची.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. अख्ख्या गावाची काळजी वाहतात आणि त्यांच्या दुखण्याचं विचारलं की विषय बदलतात. ती बाकावर कधी बसत नसे. साडी कायम गडद. मला वाटे, बाईच्या पायाला भिंगरी आहे. नर्स असून मला दुसरं काही सुचलं नाही, याची आजही लाज वाटते.

लोहाच्या गोळ्यांवरून तिचं बायकांशी भांडण ठरलेलं. कुणी गोळ्या परसात फेकल्या की तिला बरोबर कळायचं. “कोंबड्यांचं रक्त वाढवतेस काय गो?” असं ती भर दवाखान्यात विचारायची.

एकदा तिने एक नवी गरोदर पोर आणली. सुई पाहून पोरीने हात मागे घेतला. हिने आपली बाही वर सारली. “आधी माझं रक्त घ्या. बघ, काय दुखत नाय.” पोरीने मग हात पुढे केला. आमच्या लॅबवाल्याने दोन्ही नळ्या इमानेइतबारे तपासल्या. पोरीचं हिमोग्लोबिन निघालं अकरा आणि ताईंचं सहा.

“मशीन बिघडलंय तुमचं,” ती म्हणाली.

डॉक्टरबाईंनी तिला आत नेऊन सोनोग्राफी केली. गर्भाशयात तीन गाठी, त्यातली मोठी कैरीएवढी. चार वर्षं अंगावरून रक्त जात होतं आणि हिने कुणाला सांगितलं नव्हतं.

“झोळीभर गोळ्या घेऊन फिरता, एकही घेतली नाहीत?” मी विचारलं.

“त्या गरोदर बायांच्या हायत, सिस्टर.”

मला राग आला आणि रडूही आलं. मग तिने खरं कारण सांगितलं. तिच्या जावेला गाठ निघाली तेव्हा गर्भाची पिशवीच काढली होती; गाठ म्हणजे पिशवी जाणार, हे तिने तेव्हाच धरून ठेवलं. ही बत्तीस वर्षांची, मूल नाही. “पिशवी गेली म्हंजे वाटच बंद. म्हणून गप रायले.”

डॉक्टरबाई म्हणाल्या, “गाठी तेवढ्या काढता येतील. पण ऑपरेशनात रक्त आवरलं नाही, तर आधी जीव, मग पिशवी.” तिने संमतीचा कागद दोनदा वाचला आणि सही केली.

दोन महिने रक्त वाढवण्यात गेले. मी रोज फोन करून “गोळी घेतली का?” विचारायची. इतक्या वर्षांचं उट्टं काढलं मी.

ऑपरेशनच्या टेबलावर तिचे हात गार पडले होते. मी खांद्यावर हात ठेवून म्हटलं, “घाबरता काय, मी आहे ना.” ती म्हणाली, “तुम्हाला जमत नाय, सिस्टर.”

मोठी गाठ काढताना रक्त थांबेना. रक्ताची बाटली चढवली. डॉक्टरबाई टाके घालत राहिल्या. मी आठवतील तेवढे देव आठवले.

शुद्धीवर आल्यावर तिने एवढंच विचारलं, “हाय?”

“आहे,” मी म्हटलं. तिने डोळे मिटले आणि पाणी कानापर्यंत ओघळलं.

ती आता इकडे नसते. नवरा मुंबईत हॉटेलात कामाला. ऑपरेशनच्या पुढच्या वर्षी ती त्याच्याकडे राहायला गेली. वाडीच्या बायका दुसरी सेविका आणते. स्वभावाने गरीब आहे, आम्हाला कधी बोलत नाही. मला चुकल्यासारखं होतं.

परवा तिचा फोन आला. “सिस्टर, उद्या सोनोग्राफी हाय. पाणी पिऊन जायचं ना?”

“अहो ताई, हे तर तुम्हीच बायकांना पढवायचात. परत गाठी झाल्या की काय?”

“गाठी नाय. दुसरा महिना सरलाय.” मग हळू आवाजात म्हणाली, “दुसऱ्यांचं सगळं येतं मला. माझ्या वेळेला कायच आठवत नाय.”

मी तिला पहिल्यापासून एकेक सांगत गेले, आणि ती पहिलटकरणीसारखी नुसती “हो, हो” करत ऐकत राहिली.