वसंताच्या सळ्यांचा रंग

दवाखान्यातून भाच्याचा फोन आला तेव्हा मी शेंगा भाजत होते. ‘आत्ती, अप्पा गेले,’ एवढंच म्हणाला... अप्पा म्हणजे त्याचा बाप वसंता, माझा धाकटा भाऊ. हुबळीत घरामागंच त्याचं लेथचं वर्कशॉप. तो लोखंड कातायचा, मी झाडलोट आणि चहा बघायची. दीड महिना झाला त्याला जाऊन. एक गोष्ट त्यानं शेवटपर्यंत पोटात ठेवली, ती आता मीच सांगते.

काही वर्षांपूर्वी विद्यानगरातल्या कॉलेजची पोरं खड्ड्याटेकाडांवर पळवायची शर्यतीची गाडी स्वतः बांधत होती. म्होरकी मेघना, नकाशे तिचे, गाडी चालवणारीही तीच. पुढची चाकं ज्यांच्यावर फिरतात ते दोन दांडे वसंताकडं करायला दिले. पोलाद चिवट हवं, नाहीतर उडी मारताना दांडा मोडून चाक निखळायचं. ‘तंगी,’ धाकट्या बहिणीला म्हणावं तसं वसंता मेघनाला हसून म्हणाला, ‘गाडी मोडेल, माझा दांडा नाही मोडायचा.’ आठवड्यात दोन्ही कातून दिले.

रविवारी सकाळी धारवाडजवळ केलगेरीच्या पलीकडं माळावर गाडीची पहिली चाचणी. वसंता घरीच होता. कातायच्या सळ्या ठेवलेल्या घोडीपुढं उभा राहून म्हणाला, ‘अक्का, टोकांचा रंग कुठं गेला?’

‘रंग होय? रॉकेलनं घासून काढला की! खंडेनवमीच्या पूजेला असले डाग ठेवू होय? चांगल्या लखलखीत करून लावल्या.’

तो वाकून एकेका सळईचं टोक बघू लागला. चिवट पोलादाला पिवळा, साध्या लोखंडाला निळा... रंग बघूनच ओळखायचं असतं, हे मला कुठलं ठाऊक? आणि लावताना मी सळ्यांच्या जागाही बदलल्या होत्या; त्यानं सवयीनं नेहमीच्या जागेवरूनच उचलल्या.

दांडे कातून उरलेले दोन तुकडे त्यानं फिरत्या सहाणेला लावले. एकाच्या ठिणग्यांना बारीक बारीक फुलं फुटली. दुसऱ्याच्या नुसत्या सरळ रेघा. ‘हे साधं लोखंड आहे,’ तो म्हणाला. ‘कातताना मऊ लागलं होतं गं हाताला. हत्यार नवं आहे म्हणून लागत असेल, असं वाटलं...’

मेघनाचा फोन लागेना. त्यानं स्कूटर काढली, मी मागं बसले. त्यानं धारवाडच्या रस्त्याला वेग घेतला. माझ्या डोळ्यांपुढं त्या पोरीच्या आईचा चेहरा. कधी बघितलेलाही नव्हता मी.

पोचलो तर गाडी उंचवट्यावरून उडी घेऊन खाली आदळली, वळली, पुन्हा उंचवट्याकडं निघाली. वसंता दोन्ही हात पसरून सरळ तिच्या वाटेत धावला. ‘निल्लिसु! निल्लिसु! थांबव!’ गाडी त्याच्यापासून दोन हातांवर थांबली. मेघना ओरडली, ‘अण्णा, तलि केट्टैतेनु? डोकं फिरलंय? मरायचं होतं काय?’

त्यानं तिरकं झालेलं डावं चाक उतरवलं. दांडा वाकला होता. आणखी एक उडी... मेघना खाली उतरून दांड्याशी वाकली. एक पोरगा मात्र भडकला. ‘शर्यत तोंडावर आली, अण्णा! असलं कसं दिलंत?’

मी तोंड उघडणार तोच वसंता म्हणाला, ‘चूक माझी. सळई न तपासता घेतली.’ आणि माझ्याकडं बघून ‘नको’ अशी मान हलवली.

दोन दिवसांत त्यानं नवा दांडा करून दिला. गाडी शर्यतीत शेवटपर्यंत धावली. पण पुढच्या वर्षीपासून कॉलेजचं काम दुसरीकडं गेलं. वसंताचं काम तपासून घ्या, असं लोक म्हणायला लागले. मी ऐकत राहिले आणि गप्प बसले... मेघना, तू हे वाचत असशील तर सांगते. तो रंग मी पुसला होता.

‘सळ्यांना हात लावू नकोस,’ असं तो मला कधी म्हणाला नाही. नवा दांडा दिला त्याच संध्याकाळी हातोडी घेऊन बसला आणि प्रत्येक सळईच्या दोन्ही टोकांवर पंचनं तिच्या जातीचं खोल अक्षर ठोकलं. ‘आता घास, अक्का, हवं तेवढं.’

परवा खंडेनवमी आहे. आज सळ्या पुसायला घेतल्या. फडकं काळं झालं. अक्षरं जशीच्या तशी.