दोन दिवस खोळंबलेलं काम

शाजली मुकादमाला राग यायला फारसं काही लागत नसे. पण त्या सकाळी त्याला कारण पुरेपूर होतं.

इजिप्तमधल्या लक्सरला, नाईलच्या पश्चिम तीरावर उत्खनन चालू होतं. तिथे परदेशातल्या एका संग्रहालयाने चित्रीकरणासाठी माणूस पाठवला होता. डोक्यावर टोपली घेतलेली चार हजार वर्षांपूर्वीची लाकडी बाई याच वाळूतून निघून त्यांच्या काचेच्या कपाटात गेली होती. तिच्या शेजारी पडद्यावर म्हणे ‘स्थानिक मजूर’ दाखवायचे होते. कैरोहून आलेल्या नेरमीन या दुभाषी मुलीने संग्रहालयाचं जाडजूड पुस्तक शाजलीपुढे धरलं.

“काका, हीच ना ती?”

“तिला काय बघायचंय! खाली काय लिहिलंय ते वाच.”

शोध लावणारा म्हणून तेव्हा उत्खनन चालवणाऱ्या साहेबाचं नाव होतं. पुढे एकच ओळ: वाळू घसरल्याने मूर्ती काढायचं काम दोन दिवस खोळंबलं.

“बस? एवढंच?”

“एवढंच, काका.”

“ते दोन दिवस म्हणजे माझा बाप, पोरी!”

तेव्हा शाजलीचा बाप अबादी खड्ड्यात उतरला, त्याने मूर्तीखाली हात घातले आणि वाळू कोसळली. पहिला दिवस त्याला शोधण्यात गेला, दुसरा त्याला त्याच्या किफ्त गावी नेऊन पुरण्यात. तिसऱ्या दिवशी बाई वर आली. साहेबाने तिच्यासोबत फोटो काढला. शाजली तेव्हा सात वर्षांचा होता. पुढे पन्नास वर्षं त्याने त्याच वाळूत काढली, कारण पिढ्यान्‌पिढ्या खोदकाम करणाऱ्या किफ्तच्या माणसांना दुसरं कुठलं काम ठाऊक होतं?

“त्या पाहुण्याला सांग, मूर्तीजवळच्या पाटीवर अबादीचं नाव घाला. बाकी मला काही नको.”

नेरमीनने सांगितलं. पाहुणा गोड हसला. पाट्या छापून झाल्या होत्या. त्यापेक्षा मुकादमाने टोपल्या वाहतानाचं गाणं म्हणावं, प्रेक्षकांना फार आवडेल!

शाजलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बापाचं नाव नको, गाणं हवं!

“जा मुकादम, आता कंबर पण हलव,” म्हातारा हम्माद टोपली उचलत म्हणाला.

“तू साथ दे रे, आळशा.”

त्या गाण्यात मुकादम ओळ टाकतो आणि मजूर साथ देतात. ओळी तिथल्या तिथे रचायच्या, कामचुकारांची नावानिशी अब्रू काढायची. शाजलीने टाळी वाजवली.

“खड्ड्यात कोण उतरलं?”

आधी एकटा हम्मादच ओरडला, “अबादी!”

“बाईला कुणी उचललं?”

“अबादी!” आता बारा जण होते.

“वाळू कुणावर आली?”

“अबादी!”

“साहेब कुणाला विसरला?”

“अबादी!”

पाहुणा खूश झाला. अर्थ काय, त्याने नेरमीनला विचारलं. तिने डोळे पुसले. “जुनं कामाचं गाणं आहे,” ती म्हणाली. त्याला ते पुरलं. फक्त पुन्हा एकदा म्हणा, या वेळी जरा हसत, एवढीच त्याची विनंती होती.

शाजली हसला नाही. पण त्याने पुन्हा म्हटलं, घसा फाटेपर्यंत, आणि बापाचं नाव आणखी चार वेळा त्या चित्रीकरणाच्या यंत्रात घातलं.